सुमनची पाठ

परवा सकाळच्या फेरीला फाट्यावर एक म्हातारी चढली, आणि तिच्याआधी तिच्या पोत्याचा वास गाडीत चढला. मोहफुलांचा. गोड, जरासा आंबूस, नाकातून थेट डोक्यात जाऊन बसणारा. माझ्या हातात तिकिटाचं मशीन होतं, तोंडात ‘पुढं सरका’ होतं, आणि दोन्ही तिथंच राहिलं. मागून कोणीतरी म्हणालं, “मॅडम, तिकीट देता का आज?” तेव्हा कुठं मी भानावर आले. म्हातारीला विचारलं, “आजी, एकट्याच जाता का वेचायले?” ती म्हणाली, “नाई वो माय, सून उभी रायते.” बरं वाटलं. सून उभी राहते म्हणजे सगळं आलं त्यात.

बाहेरच्या माणसाला हे ‘उभी राहते’ सांगावं लागतं. मोह पहाटे गळतो. झाडाखालचा पाला आधी जाळून जागा साफ केलेली असते. त्या काळ्या जमिनीवर पिवळसर फुलं पडतात, आणि ती वेचायची म्हणजे कमरेत वाकूनच वेचायची. आता वाकलेलं माणूस जंगलाला माणूस वाटत नाही. चार पायांचं काहीतरी चरतंय असं वाटतं. म्हणून एक जण वाकते तेव्हा एक जण उभी राहते, तिच्या पाठीला पाठ देऊन, जंगलाकडे तोंड करून. उभीनं गप्पा मारायच्या नाहीत, फोन पाहायचा नाही, पायाशी कितीही फुलं पडली तरी हात लावायचा नाही. नुसतं पाहायचं आणि ऐकायचं. वाकायच्या आधी वाकणारी विचारते, “वाकू?” उभी असलेली चारी बाजूंना पाहते, कान देते आणि मग म्हणते, “वाक.” उत्तर आल्याशिवाय कोणी वाकत नाही. आम्हा दोघी बहिणींना आईनं हे मुळाक्षरांच्या आधी शिकवलं.

आणि हंगामात त्या पट्टेवाल्याचं नाव घेत नाहीत. ‘थो’ म्हणतात. थो म्हणजे तो. तो कोण, हे विचारायची गरज कोणाला पडत नाही.

माझी मोठी बहीण सुमन. तिला मी बाई म्हणते. तिचं सासर जंगलाला लागून, ब्रह्मपुरीहून गाडीनं जायचं आणि पुढं पायी. लग्न झालं, नोकरी लागली, केस पांढरे झाले, तरी मोहाच्या दिवसांत मी बाईकडे जायचं सोडलं नव्हतं. डेपोत सगळे दिवाळीला सुट्टी मागतात, मी मोहाला मागते. साहेब हसतात. मी म्हणते, हसा बापा, पण सही करा. बाई वाकते, मी उभी राहते. मग बाईची कंबर भरून आली की ती उभी राहते, मी वाकते. आमच्या दोघींचं उभं आयुष्य एकमेकींच्या पाठीनं ओळखीचं आहे. तोंड पाहून भांडण व्हायचं, पाठीला पाठ लागली की मिटायचं.

मागच्या वर्षी मोह गळायला लागला आणि मी गाडीच्या पायरीवरून घसरले. इतकी वर्षं लोकांना ‘सांभाळून उतरा’ म्हणणारी बाई स्वतःच्याच पायरीवरून पडली. डेपोतल्या लोकांना महिनाभर पुरेल एवढं हसू मिळालं. पाय प्लास्टरमध्ये गेला. आमचे हे आलापल्लीला लाकूड डेपोत कारकून, शनिवारी येतात, रविवारी जातात. घरात मी, पलंग, आणि नागपूरची परीक्षा आटोपून आलेली माझी लेक, प्रज्ञा.

प्रज्ञानं तिचा लॅपटॉप माझ्या पलंगाशी स्टुलावर ठेवला आणि माझ्या हातात एक गोष्ट दिली. काळी, दोन्ही हातांत धरायची, वर बटनं आणि दोन गोल दांड्या. तिचं नाव वेगळं आहे, मी अजून रिमोटच म्हणते. “आई, दिवसभर छत पाहून पागल होशीन,” ती म्हणाली. “हे खेळ. यात आपण एका दुसऱ्याच दुनियेत रायतो. राजे, राक्षस, जादू, सारं आहे.”

“आणि आपण काय करायचं तिथं?”

“जगायचं,” ती म्हणाली.

सुरुवातीला माणूस बनवायचं असतं. नाक कसं, केस कसे, तलवार पाहिजे की जादूची काठी. बहुतेक बाया वीस-बावीसच्या, कमरेला बित्ताभर कपडा. मी शोधून शोधून एक पांढऱ्या केसांची काढली, अंगभर कपडे घातले, हातात काठी दिली. प्रज्ञा पोट धरून हसली. मग खेळानं नाव विचारलं. माझ्या तोंडून काही विचार न करता निघालं, “सुमन टाक.” सकाळपासून बाईचाच विचार चालला होता, दुसरं नाव येणार कुठून. तिथंच चुकलं माझं. बाहुलीला कधी जिवंत माणसाचं नाव देऊ नये.

सुमन एका गावात उभी होती. दगडी घरं, वर धूर, भोवती लाकडी कुंपण, एक फाटक, आणि फाटकाच्या पलीकडे जंगल. मी पहिल्यांदा काय पाहिलं असेल तर तिची पाठ. या खेळात आपण आपल्या माणसाच्या मागं असतो. सतत. ती चालते तेव्हा पाठ, धावते तेव्हा पाठ, थांबते तेव्हा पाठ. तोंड दिसतच नाही. प्रज्ञाला त्याचं काही नव्हतं, “असंच असते” म्हणाली. पण माझ्या अंगावर काटा आला. जंगलाच्या बाजूनं, जमिनीच्या थोडं वरून, कोणाच्या तरी पाठीकडे बघत तिच्यामागं चालणारं कोण असतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

मी गावाबाहेर जाईना. प्रज्ञा म्हणायची, “आई, फाटक उघड ना,” आणि मी सुमनला गावातच फिरवायचे. विहीर पाहिली, कोंबड्या पाहिल्या. मग प्रज्ञानं रिमोट घेतला, एका घरात शिरली आणि तिथली पेटी उघडून आतलं सामान घेऊन मोकळी झाली. मी म्हटलं, लोकाच्या घरात विचारल्याशिवाय जाते, वरून पेटी उघडते, हेच शिकवलं का तुले? ती म्हणाली, या खेळात सगळेच घेतात, कोणी काही म्हणत नाही. खरंच कोणी काही म्हणत नव्हतं. घरधनीण तिथंच उभी राहून ‘आज हवा छान आहे’ असं इंग्रजीत म्हणत होती. कितीही वेळा तिच्यापुढून गेलं तरी तेच. फाटकावर भाला घेतलेला एक पहारेकरी होता. त्याला मी प्रज्ञाला विचारायला लावलं, तू येतो का संग? त्याला तसलं बोलणं येतच नव्हतं. ‘बाहेर जपून’ एवढंच म्हणायचा. मला त्याचा राग आला. जपून तर जपून, पण उभा कोण राहील?

त्याच दिवसांत बातमी आली. बाईच्या शेजारच्या गावची एक बाई मोह वेचताना गेली. तिचं नाव इथं लिहीत नाही. तिची सोबतीण थोडी पुढच्या झाडाकडे सरकली होती, तेवढंच. आवाजही आला नाही म्हणे. मी तो फोन ऐकला आणि हातातलं पाणी तसंच खाली ठेवलं. वनखात्यानं गावोगाव सांगितलं, जंगलात जाऊ नका. बाईच्या गावातल्या बायांनी दोन दिवस ऐकलं. पण मोह काही कोणाचं ऐकून गळायचा थांबत नाही, आणि काळ्या जमिनीवर पडलेली फुलं चितळं खातात, अस्वल खातं, हे घरात बसून कसं बघवणार. तिसऱ्या दिवशी बाया पुन्हा निघाल्या. बाई पण.

“तू कोणासंग जाते?” मी फोनवर ओरडले.

“तुह्या भाऊजीसंग.”

“भाऊजीले दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. ते उभे राहून पाहतीन काय, कपाळ?”

“ऐकू तर येते ना त्याईले,” बाई म्हणाली. “तू पाय बरा कर, माही काळजी नको करू.” माझी काळजी नको करू असं म्हणणाऱ्या माणसाएवढा त्रास जगात दुसरा कोणी देत नाही.

तेव्हापासून सकाळ म्हणजे शिक्षा झाली. उजाडलं की मी जागी. आत्ता बाई निघाली असेल, आत्ता नाला ओलांडला असेल, आत्ता टोपली खाली ठेवली असेल. आत्ता वाकली असेल. उन्हं वर येऊन तिचा ‘आली घरी’ म्हणून फोन येईपर्यंत हेच चालायचं. तेवढा वेळ काढायला म्हणून मी खेळ सुरू करायचे, आणि समोर पुन्हा जंगलच. भीतीवर उतारा म्हणून भीतीच घेत होते मी. पण त्या जंगलाची दांडी निदान माझ्या अंगठ्याखाली होती.

शेवटी एका सकाळी प्रज्ञाच्या टोमण्यांना कंटाळून मी सुमनला फाटकाबाहेर काढलं. कामगिरी साधी होती. गावात एक म्हातारा आजारी, त्याच्यासाठी रानातून लाल पानांचं झुडूप आणायचं. जंगल सुंदर होतं, खोटं का बोला. उंच झाडं, खाली गवत, उन्हाचे पट्टे. पण झाडं कोणती ते कळेना. साग नाही, ऐन नाही, मोह तर नाहीच. आणि गाणं चाललेलं. बासऱ्या, ढोल, काय काय. मी म्हटलं, “प्रज्ञा, गाणं बंद कर. जंगल ऐकू दे.”

“अवं आई, गाण्यावरूनच तर कळते. ढोल जोरात वाजले का समजायचं राक्षस आला.”

मला हसू आलं आणि रडू पण. आमच्याकडे ढोल वाजत नाहीत. आमच्याकडे झाडावरचं वानर खॅक-खॅक करतं, आणि ते ऐकायला गप्प बसावं लागतं. नशीब असेल तर वानर तिथं असतं. नसेल तर काहीच वाजत नाही.

तिनं गाणं बंद केलं. मग कळलं की त्या जंगलात वानरच नाही. एक पाखरू नाही. नुसता वारा, रेकॉर्ड केलेला. इतकं मुकं जंगल मी जन्मात पाहिलं नाही, आणि अशा मुक्या जंगलात लाल पानांचं झुडूप समोर चमकत होतं. प्रज्ञा म्हणाली, “दाब ते चौकोनाचं बटन.”

मी दाबलं. सुमन वाकली.

पाठ माझ्याकडे, डोकं खाली, दोन्ही हात जमिनीला. अगदी बाई वाकते तशी. ती वाकल्यावर बटनं काही करत नाहीत, उचलणं पूर्ण होईपर्यंत थांबावं लागतं. मी थांबले आणि उजव्या बाजूनं काहीतरी करडं, लांडग्याएवढं, आलं. पडदा लाल झाला. मग काळा. मग मोठ्या इंग्रजी अक्षरांत सुमनचं नाव आलं आणि त्यापुढं ती मेल्याचं लिहिलं होतं.

माझ्या हातून रिमोट सुटला नाही, मी फेकला. तो पाण्याच्या स्टीलच्या गंजावर आदळला आणि गंज आडवा झाला. प्रज्ञा आधी हसली, मग माझं तोंड पाहून थांबली. “आई, काई नाई झालं. पाह्य, उठली.” खरंच, फाटकाजवळच्या शेकोटीशी सुमन कपडे झटकत उभी राहत होती. जशीच्या तशी. एक ओरखडा नाही.

त्याची मला मरणापेक्षा जास्त भीती वाटली.

“किती वेळा उठते?” मी विचारलं.

“कितीही. हजारदा मर, काई फरक नाई. मरूनच तर शिकते माणूस.”

ती सहज म्हणाली. वाईट म्हणून नाही, खेळातली गोष्ट खेळात म्हणून बोलली. पण मी तिच्याकडे बघत राहिले. बावीस वर्षांची माझी पोरगी, ब्रह्मपुरीच्या गल्लीत वाढली, नागपुरात शिकली. मोह तिनं पाहिला तो अंगणात वाळत घातलेला, नाहीतर मावशीच्या लाडवातला. मीच तिला कधी पहाटे नेलं नाही, झोपू दे लेकराला म्हणून. तिच्या अंगात भीती नावाची वस्तूच नव्हती. स्कूटी भन्नाट चालवायची, कुत्र्यांवर धावून जायची, नदीच्या पुलाच्या कठड्यावर बसून फोटो काढायची. लोक म्हणायचे, काय धीट पोरगी आहे. मी पण मिरवायचे. त्या दिवशी पलंगावर पडल्या पडल्या मला वाटलं, ही धीट नाही, हिला माहीतच नाही. आणि मी मनातल्या मनात मागणं मागितलं. कोणाजवळ ते सांगता येणार नाही, आमच्या घरात देव नाही. पण मागितलं, की हिला थोडी भीती मिळू दे.

मी तिला सांगितलं, मी खेळेन, पण एकटी नाही. दुसरा रिमोट घे आणि माझ्यासोबत ये. लढायला नाही, उभी राहायला. मग तिला वाकण्याचा आणि उभं राहण्याचा सगळा पाठ दिला. वाकायच्या आधी विचारायचं. ‘वाक’ म्हटल्याशिवाय वाकायचं नाही. वानर खॅकलं किंवा काही दिसलं तर पळायचं नाही. पळणाऱ्याच्या मागं सगळं जग लागतं. ओरडायचं नाही. वाकलेलीला आधी सरळ उभं करायचं, हातात असेल ते डोक्यावर धरून उंच व्हायचं, तोंड त्याच्याकडेच ठेवायचं आणि मागं मागं सरकायचं. फुलं राहू द्यायची.

प्रज्ञानं कपाळावर हात मारला. “तुह्यासारखं खेळलं तं या गावातून निघायले दिवाळी येईन.” पण खेळली. पोरगी बोलायला तिखट, मनानं मऊ. पडद्याचे दोन भाग झाले, एकात तिची ती उंच तलवारवाली, एकात माझी पांढऱ्या केसांची सुमन. मी विचारायचे, “वाकू?” ती च्युइंगम चावत म्हणायची, “वाका, सरकार.” नुसतं ‘वाक’ म्हण, आणि आधी पाह्य, मी दटावायचे. तिचा तो तलवारवाला जीव सुमनच्या पाठीला पाठ लावून जंगलाकडे पाहत उभा राहायचा. कोणी करडं आलं की आम्ही मागं मागं सरकत फाटकापर्यंत यायचो. राक्षस एक मारला नाही. कामगिऱ्या सगळ्या अर्धवट. प्रज्ञाच्या मैत्रिणींनी फोनवर विचारलं तर सांगायची, “माह्या आईनं लढाईच्या खेळाचं मोह वेचणं करून टाकलं.” आम्ही दोघी खूप हसायचो. पण बाईचा फोन येईपर्यंत माझे पाय गार असायचे, प्लास्टरमधला पण.

मग भाऊजींना ताप आला.

संध्याकाळी बाईचा फोन आला तेव्हा तो प्रज्ञानं स्पीकरवर ठेवला होता. बाई म्हणाली, उद्या भाऊजी येणार नाहीत, पण आमचं मोठं झाड आता भरात आहे, दोन-तीन दिवसांत सरेल. बाकीच्या बाया बाजूच्याच झाडांखाली असतात, मी एकटी वेचीन. “एकटी वाकशीन?” मी विचारलं. “वाकीन आणि मधून मधून उठून पाहीन,” बाई म्हणाली. मी तिला शिव्या दिल्या, रडले, पायाच्या प्लास्टरवर मुठी मारल्या. बाई ऐकून घेते आणि करायचं तेच करते, लहानपणापासून.  प्रज्ञानं फोन ठेवला आणि भाजी टाकायला गेली.

सकाळी मी हाक मारली तर घरात कोणी नव्हतं. स्कूटी नव्हती. उशाशी पाण्याची बाटली, बिस्किटं, आणि लॅपटॉप उघडाच. तेवढ्यात फोन वाजला. “आई, मी मावशीकडे पोचली. निघून राह्यलो आम्ही. तू चिल्लावू नको, तिकडं नेटवर्क नाई.” आणि कट.

त्या सकाळचं काय सांगू. एक जीव जंगलात असताना जी भीती असते ती मला ओळखीची होती, तिच्याशी माझं उठणं-बसणं होतं. आता दोन जीव होते, आणि त्यातली जी उभी राहणार होती तिनं जंगल फक्त माझ्या स्टुलावर पाहिलं होतं. ही पळणार, मला वाटलं. हिला काही दिसलं की ही तलवारवालीसारखी धावून जाईल, नाहीतर जीव घेऊन पळेल. हिला वाटेल, कुठंतरी शेकोटी आहे. हजारदा मर, फरक नाही. हिला हे खेळता खेळता म्हणताना मीच ऐकलं होतं. मी यांना आलापल्लीला फोन लावला. ते म्हणाले, “काई होत नाई, तू चहा घे.” माणसं घाबरली की चहाच सांगतात. पलंगावरून उतरून दारापर्यंत लंगडत गेले, परत आले. शेजारणीला बोलावलं, ती येऊन बसली, तिचं बोलणं नको वाटलं, तिला घालवलं. रिमोट हातात घेतला. पडद्यावर सुमन फाटकाशी उभी होती, पाठ माझ्याकडे. तिला एक पाऊल टाकायला लावायची माझी छाती झाली नाही. नुसती तिच्या पाठीवर नजर ठेवून बसले, डोळे हलवले तर काहीतरी होईल म्हणून.

उन्हं दारात आली. मग घरात आली. मग स्कूटीचा आवाज आला.

प्रज्ञा दारात उभी राहिली. केसांत पाला, ओढणी काळी झालेली, पायाला राख. मी तिला जवळ ओढलं, मारलं पण आणि धरून पण ठेवलं. “काय झालं तिथं?”

“काई नाई झालं. मावशी वाकली, मी उभी रायली.”

“फुलं?”

“आज कमी भेटली,” ती म्हणाली आणि आंघोळीला गेली.

दुपारी तीच म्हणाली, खेळूया. मी म्हटलं बरं. तिनं लॅपटॉप ओढला, आणि माझ्याकडे न बघता आधी गाणं बंद केलं. मी काही सांगितलं नव्हतं. रोज मला सांगावं लागायचं. फाटकाबाहेर आलो. माझं झुडूप आलं. मी विचारलं, “वाकू?”  मी पाहिलं तर प्रज्ञा पडद्याकडे पुढं वाकून, श्वास धरून, त्या मुक्या जंगलात काहीतरी ऐकत होती. तिच्या तलवारवालीनं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पुन्हा डावीकडे. च्युइंगम नव्हता. मग ती हळूच म्हणाली, “वाक.”

तिथं काहीतरी झालं होतं, हे तेव्हाच मला कळलं. मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पहाटे निघाली, आणि मोठं झाड सरेपर्यंत रोज गेली. मी एकदाही नको म्हटलं नाही. नको म्हणायला जीभ उचलायची, पण मग बाईच्या पाठीला कोण?

जयंतीला बाई आमच्याकडे आली, डब्यात मोहाचे लाडू घेऊन. गल्लीत निळे झेंडे, लाऊडस्पीकर, पोरंटोरं. प्रज्ञा मिरवणुकीत गेली होती. तेव्हा बाईनं सांगितलं. पहिल्याच दिवशी. “मी वाकली होती. पोट्टी मांगं उभी. दूर कुठीतरी वानेर खॅकलं, एकदाच. मले तं ऐकूही नाई आलं वो. ह्या पोट्टीनं ऐकलं. हळूच म्हणे, मावशी, उभी राय. मी उभी रायली. पाह्यतो तं झुडपाच्या मांगं, वाळल्या पाल्यात, थो बसला होता. आमच्याकडं तोंड करून. इतका जवळ का त्याचे कान दिसत होते. थो माही पाठ पाहून राह्यला होता, कधीचा कोण जाणे.”

“मग?”

“मग काय. पोट्टीनं टोपली डोक्यावर धरली. फुलं सारी तिच्या अंगावर सांडली. मले म्हणे, त्याच्याकडं पाह्य आणि मांगं ये. एक पाऊल, एक पाऊल. माह्या पाठीले तिचा हात होता. लटलट कापत होता, पण सुटला नाई. नाल्यापाशी आलो तवा थो उठला आणि दुसरीकडं निघून गेला. मंग पोट्टी खाली बसली आणि ओकली.” बाईनं लाडूचा डबा माझ्याकडे सरकवला. “तुले नको सांगू म्हणली होती. पण भली शिकवली तू तिले.”

मी लाडू हातात धरून बसले. मला रडू आलं ते बाई वाचली म्हणून नाही, पोरगी वाचली म्हणूनही नाही. ती तर वाचलीच होती, रोज डोळ्यांपुढं होती. मी तिच्यासाठी भीती मागितली होती. ती तिला मिळाली होती. लटलट कापणारा तिचा तो हात माझ्या डोळ्यांपुढून हलेना. आईनं लेकराला बरंच काही देऊन ठेवावं म्हणतात. मी हे दिलं, आणि परत घेता येत नाही.

आता ती नागपूरला नोकरीत आहे. रात्रीची जेवणं आटोपली की इंटरनेटवरून आम्ही अजून खेळतो. कानात तिचा आवाज असतो, पडद्यावर सुमन. आम्ही त्या गावापासून फार लांब गेलेलो नाही. अजून एकही राक्षस आमच्या नावावर नाही. आणि परवा त्या म्हातारीच्या पोत्याचा वास आल्यावर मी डेपोत जाऊन सुट्टीचा अर्ज दिला. पाय आता चालतो, थंडीत कुरकुरतो तेवढंच. प्रज्ञाला फोनवर सांगितलं. पूर्वीची असती तर म्हणाली असती, जा ना, मजा कर. ती म्हणाली, “फोन सुरू ठेवजो. ब्लाऊजमध्ये ठेव. मी बोलणार नाई. फक्त ऐकीन.”

“तिकडं नेटवर्क नसते.”

“मोठ्या झाडाजवळ एक काडी येते. मी पाह्यलं आहे.”

आज पहाटे बाई आणि मी मोठ्या झाडाखाली आलो. जमीन काळी, त्यावर फुलं. अंधार नुकता फिका होत होता. बाईनं टोपली ठेवली. मी तिच्या पाठीला पाठ लावली, जंगलाकडे तोंड केलं. मी घाबरले होते, हे लपवण्यात अर्थ नाही, बाईला ते पाठीतून कळतंच. ब्लाऊजमध्ये फोन गरम होता. पलीकडे नागपुरात माझी पोरगी कानाला फोन लावून बसली होती, तिचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता.

“वाकू?” बाईनं विचारलं.

मी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. वाळल्या पाल्यात काही हललं नाही. एक फूल टप्पकन पडलं. वानर कुठंच बोललं नाही, आणि बोललं नाही म्हणजे काय, हे सांगणारं जंगलात कोणी नसतं.  बाई थांबून राहिली. मग माझ्या छातीपाशी, अगदी बारीक, प्रज्ञाचा आवाज आला.

“आई, मले पण काई ऐकू नाई येत. अजून थोडं थांबा.”

आम्ही तिघी थांबलो. उजेड आणखी थोडा वर आला. झुडपांची पानं वेगवेगळी दिसायला लागली. मी पुन्हा एकदा सगळीकडे पाहिलं.

“वाक,” मी म्हटलं. मग बाई वाकली.